दोन पंच हवेत

३ फेब्रुवारी

चौकीवरच्या बहाद्दरांनो, आणि त्यांच्यात बसलेल्या माझ्या भिंगरी,

पाकिटावर नाव माझ्या भाचीचं असलं तरी हे पत्र तिनं चहाच्या वेळी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे. गाडी उलटली की चालक चोर. माल घुसला की चौकीवाला चोर. ज्यानं वर बसून खरेदीवर सह्या केल्या तो मात्र कायम हार घालून घ्यायला मोकळा. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तुमचंही दुखणं आहे आणि आमचंही. म्हणून परकं न मानता लिहिते.

मी जन्मभर बसमध्ये घंटीची दोरी ओढली. आता चालक-वाहक संघटनेच्या व्यासपीठावरून ओरडते. आवाज तोच आहे. फरक एवढाच की तेव्हा मी ओरडले की लोक पुढे सरकायचे, आता जागचे हलत नाहीत.

माझा मुलगा, म्हणजे तुमच्या भिंगरीचा आतेभाऊ, टेकडीच्या उतारावरून बस घेऊन येत होता. त्यानं ब्रेक दाबला. पायाखाली दाब होता, चाकाला पकड नव्हती. खाली शाळा सुटलेली. त्यानं गाडी दगडी भिंतीवर घातली. शाळेच्या एकाही पोराला ओरखडा आला नाही, पण गाडीतल्या एका बाईचा पाय गेला. ती शिंपीण आहे. पायानं यंत्र चालवायची.

चौकशीवाले आले आणि बूट न काढता निकाल देऊन गेले: वेग जास्त होता. ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकाला घासून गाडी थांबवणारं ते अस्तर, नवेच होते, नामांकित कंपनीच्या खोक्यातले, मग दोष चालकाचाच. पण वर्कशॉपमध्ये चाक उतरवलं तेव्हा तो नवा लायनर बिस्किटासारखा हातात चुरला. खोकं हुबेहूब, माल खोटा. असला माल इकडे कुठे बनत नाही. तो सीमेपलीकडून येतो.

आमच्या संघटनेनं ठराव केलाय. कुंपण दुप्पट उंच करा, नदीकाठचा पहारा वाढवा, बंदुका द्या, मनोऱ्यांवर दिवे लावा. तुमच्या साहेबांनी याला पाठिंब्याचं पत्र द्यावं. देतील ना?

तुमची सगळ्यांची, आणि भिंगरीची सख्खी,
आत्या


८ फेब्रुवारी

आत्या, नमस्कार.

पत्र मोठ्यानं वाचलं नाही. रागावू नकोस. चहाच्या खोलीच्या भिंती पातळ आहेत आणि चहा पिणारे सगळेच चौकीचे नसतात.

दादाचं वाचलं. फोन करावासा वाटला, पण इथे कामावर येताना फोन पेटीत ठेवावा लागतो, आणि संध्याकाळी बोलावं तर आजूबाजूला चार कान. सीमेवरच्या बसचे चालककाका पत्र आणतात तेच बरं.

आता तुझा ठराव. आत्या, लायनर लोखंडी पट्ट्यांवर बसवलेले असतात. एक खोकं उचलून बघ. असली हजार खोकी डोक्यावर घेऊन नदीतून कोण येईल? कुंपणावरून कोण फेकेल? नदीतून फार तर चार गरीब माणसं आणि दोन बकऱ्या येतात, आणि त्यांच्यावर तीन मनोरे रोखलेले आहेत. जड माल भर दुपारी, मोठ्या फाटकातून, हॉर्न वाजवत येतो.

फाटकावर आम्ही दोघं. मी आणि माझा जोडीदार. गाडीच्या पोटातलं दाखवणारं यंत्र आलंय, पण ते बसवायला माणूस आला नाही, म्हणून ताडपत्री घालून ठेवलंय. त्यावर कबुतरं बसतात. सगळा पैसा कुंपणात गेला, कारण कुंपणाचा फोटो चांगला येतो.

पलीकडे तपासून सील लावलेली गाडी आली की आम्ही सीलचा आकडा जुळवतो आणि सोडतो. तिच्यासाठी वेगळी रांग आहे. सील शाबूत असेल तर दार उघडायचं नाही. उघडलं आणि आत काही नाही निघालं, तर नोकरी माझी जाते.

त्याच खोक्यातला न वापरलेला एखादा लायनर शिल्लक असेल तर पाठव. खोक्यासकट. कशाला ते विचारू नकोस. दादा जेवतो ना?

तुझी,
भिंगरी


११ फेब्रुवारी

भिंगरे,

लायनर पाठवलाय. काकांना सांगितलंय, मांडीवर घेऊन बसा पण कुणाच्या हाती देऊ नका. ते म्हणाले, “बाई, लेकरू आहे का लायनर?” म्हटलं, सध्या माझ्या लेकराचा जीव त्यातच आहे.

पण तुझं पत्र मला पटलं नाही. तोंडावर सांगते, पाठीमागे बोलायची मला सवय नाही. सील शाबूत म्हणून सोडतो! पेटीला कुलूप आहे म्हणून आत नाग नाही, असं म्हणण्यातला प्रकार. तुझ्या हातात शिक्का आहे, अंगावर वर्दी आहे, आणि तू मला कबुतरांच्या गोष्टी सांगतेस? लहानपणी तू शेजारणीच्या कोंबडीसाठी अख्ख्या गल्लीशी भांडली होतीस. ती भिंगरी कुठे गेली? खुर्चीवर बसली की माणसाच्या बुडाला मुळं फुटतात, हे मी पुस्तकांतही वाचलंय आणि कचेऱ्यांतही पाहिलंय. तू त्यांच्यातली झालीस का? स्पष्ट सांग, म्हणजे मी वाट बघायची थांबते.

दादाचं विचारतेस. जेवतो. पण जेवताना त्याचा उजवा पाय टेबलाखाली जमिनीवर दाबत असतो. सारखा. बोलताना, वर्तमानपत्र वाचताना, झोपेतसुद्धा. फरशीवरची चटई त्या जागी विरायला आलीय. सून म्हणाली, “आत्ता तरी सोडा ना पाय.” तो म्हणाला, “सोडला तर जाईल.”

तो रोज त्या शिंपीणबाईला बघायला इस्पितळात जातो. ती त्याच्याशी बोलत नाही. तरी जातो.

रविवारी चौकात सभा आहे. मी बोलणार. सीमेचं सगळं काढणार.

आत्या


१५ फेब्रुवारी

आत्या,

अक्षर वेडंवाकडं दिसेल. डाव्या हातानं लिहितेय. उजव्याचं बोट दारात सापडलं, विशेष काही नाही.

तू विचारलंस त्यांच्यातली झाले का. ते वाचून मी पत्र फाडायला निघाले होते. मग कोंबडी आठवली आणि हसू आलं. ऐक आता.

लायनर खऱ्या कंपनीच्या माणसाला दाखवला. त्यानं वास घेतला आणि म्हणाला, लाकडाचा भुसा आणि डिंक, ताई, यापेक्षा चप्पल लावली असती तरी गाडी थांबली असती. लेखी द्यायला तयार आहे. पण तो म्हणतो, हा माल सीमेवरून आला हे तुम्ही सिद्ध करा. नाहीतर चौकशी समितीवाले म्हणतील, चालकाच्या आईनंच कुठून तरी आणला.

म्हणून मी फाटकावर उभी राहिले आणि बघायला लागले. पाच वर्षं मी सीलकडे बघत आलेय. आम्ही सगळेच. सील म्हणजे आमचा देव, त्याला हात लावायचा नाही, फक्त आकडा वाचायचा. परवा एका गाडीचं सील बघताना माझ्या बोटाला रंग लागला. ओला नव्हे, पण नवा. सील ज्या कडीतून ओवतात, ती कडी दाराला दोन बोल्टांनी बसवलेली असते. गाडी सगळी गंजलेली आणि ते दोन बोल्ट मात्र ताजे रंगवलेले! आत्या, बोल्ट काढला की कडी सुटते, कडी सुटली की दार उघडतं, आणि सील तसंच लटकत राहतं. शाबूत. आत हवा तो माल भरायचा, बोल्ट लावायचे, वरून रंगाचा एक हात. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, त्यातलं आंधळं मी.

ती गाडी निघून गेली होती. पण ती पुन्हा येणार. दर काही दिवसांनी येते. म्हणून तुझ्या पाया पडते, सभेत फाटकाचं, सीलचं, बोल्टांचं नाव काढू नकोस. एक शब्द बाहेर गेला तर ती गाडी वाट बदलेल आणि दादा कायमचा अडकेल. तुला गप्प बसायला सांगणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं आहे, ठाऊक आहे. तरी.

साहेबांना मी लिहून दिलंय की अपघातातला चालक माझा आतेभाऊ आहे. उद्या कुणी म्हणायला नको की लपवलं.

भिंगरी


२० फेब्रुवारी

माझ्या पोरी,

तुझं पत्र काकांनी सभेच्या मंडपात, व्यासपीठाच्या पायरीवर माझ्या हातात दिलं. तिथंच उभ्या उभ्या वाचलं. वर गेले तेव्हा भाषण पाठ होतं, पण त्यातला कणा तू काढून घेतला होतास. मग काय बोलणार? कुंपणावरच बोलले. उंच करा, काटे लावा, बंदुका द्या. घसा फाटेस्तोवर बोलले. टाळ्यांनी चौक दणाणला. सभेला आलेल्या नेत्यांनी तिथल्या तिथे घोषणा केली, कुंपणासाठी जादा निधी.

पण मला त्या टाळ्या गोड लागल्या नाहीत. कारण सगळ्यात जोरात टाळ्या पहिल्या रांगेतून येत होत्या, आणि पहिल्या रांगेत गाड्यांच्या सुट्या भागांचे व्यापारी बसले होते. आमच्या डेपोला लायनर पुरवणारा तर उभा राहून वाजवत होता. खाली उतरल्यावर त्यानं मला हार घातला. म्हणाला, “बाई, तुमच्यासारखं कळकळीनं बोलणारं आता कोणी उरलं नाही.” बाई गं! ज्याला कुंपण नडायला हवं त्यालाच त्याचा इतका आनंद का? जितकं कुंपण उंच, तितकी फाटकाकडे पाठ. कुंपण शेत खातं म्हणतात, मी तर भर चौकात त्याला वाढत होते. हार घरी आणला नाही. डेपोच्या फाटकाला अडकवून आले.

आता तू माझ्यापासून लपवलंस, तसं मीही एक लपवलं होतं, ते सांगते. दादाच्या चौकशीची सुनावणी तुला वाटत असेल तशी पुढच्या महिन्यात नाही, येत्या शुक्रवारी आठवड्यानं आहे, अठ्ठावीस तारखेला. तुला घोर नको म्हणून बोलले नव्हते. आणि दारात बोट सापडलं असं तू म्हणतेस. दार कुणी लावलं, ते लिही. मी तुला बोट धरून चालायला शिकवलंय, त्या बोटाची चौकशी करायचा मला हक्क आहे.

डॉक्टरांनी घसा तपासून महिनाभर बोलायची बंदी केलीय. घरात सगळे खुश आहेत. दादा सोडून.

आत्या


२४ फेब्रुवारी, सोमवार

आत्या,

गाडी धरली!

आज दुपारी आली. तेच दोन बोल्ट, तोच ताजा रंग. मी सीलकडे पाहिलंसुद्धा नाही. चावी काढून घेतली आणि गाडी आवारात लावली. ड्रायव्हर हसला. त्याचं हसणं मला तेव्हा कळलं नाही. आता कळलंय.

सीलबंद गाडीचं दार उघडायचं तर दोन पंच लागतात. चौकीबाहेरचे, ज्यांचं माझ्याशी नातं नाही, ज्यांचं त्या मालाशी देणंघेणं नाही. त्यांनी समोर उभं राहून बघायचं आणि पंचनाम्यावर सही करायची. त्यांच्याशिवाय उघडलं तर आत काहीही निघो, कोर्टात त्याची किंमत शून्य. त्यात मी दादाची बहीण. माझ्या एकटीच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील? ठेवूही नये.

मी चौकीसमोरच्या बाजारात गेले. दारोदार. चहावाला म्हणाला, “ताई, तुमची आज ना उद्या बदली होईल. मला इथंच चहा विकायचाय.” पंक्चरवाला म्हणाला, “माझी नजर अधू आहे हो.” टाचणीच्या टोकाएवढं भोक शोधणारा माणूस, आणि त्याला गाडी दिसत नाही! निवृत्त हेडमास्तर खिडकीतूनच म्हणाले, “बाळ, तुझं बरोबर आहे,” आणि खिडकी लावून घेतली. रांगेतल्या ड्रायव्हरांना विचारलं, तर सगळ्यांना एकदम गाडीखाली काहीतरी दुरुस्त करायचं आठवलं. माझा जोडीदार वाईट माणूस नाही. तो फक्त सारखा घड्याळ बघतोय.

साहेबांनी नियम काढून दाखवला. गुरुवार सकाळपर्यंत पंच मिळाले नाहीत तर गाडी सोडून द्यायची. साहेब मनानं माझ्या बाजूचे आहेत, पण त्यांचं मन टेबलाच्या पलीकडे येत नाही.

बोटाचं सांगते. त्या रंगाच्या दुसऱ्या दिवशी एका गाडीचं दार मी हात ठेवलेला असताना कुणीतरी आतून ओढून घेतलं. “चुकून झालं, मॅडम” म्हणाला. दोन बोटं मोडली आहेत, एक नाही. आणि माझी बदली झालीय. गुरुवारीच. दुसरीकडे, आतल्या गोदामात, जिथे फक्त जुन्या फायली आहेत.

आत्या, तू येऊ नकोस, तुझी सही चालणार नाही. दादाचा सहकारी चालतो, नातेवाईक चालत नाही, हे साहेबांना विचारून घेतलंय. मला दुप्पट कुंपण नको, बंदूक नको. दोन माणसं हवीत. मला अजून आवारात चक्कर मारून यावंसं वाटतंय, गाडी आहे ना बघायला. सकाळपासून किती वेळा गेले कुणास ठाऊक.

भिंगरी


२५ फेब्रुवारी, मंगळवार

भिंगरे,

तुझं पत्र सकाळच्या बसनं आलं. बोटांबद्दल आत्ता काही लिहीत नाही, लिहिलं तर कागद जळेल. आवाज नाही, म्हणून खालचा कागद लिहून डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत, ड्युटीच्या फळ्यावर लावलाय. लावताना चार जण बघत होते. एक म्हणाला, “बाई, आज मुक्यानं भाषण?” प्रत तुला पाठवतेय. दुपारच्या बसनं मिळेल. गाडीजवळून हलू नकोस.

तुझी आत्या

•

विश्रांतीच्या खोलीतल्या माझ्या चालक-वाहकांनो,

घसा बसलाय म्हणून लिहिते. वाचून झालं की मागच्याला जागा द्या.

सभेच्या रविवारी मी चौकात उंच कुंपण मागितलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. त्या परत घ्या. आपल्या चाकांत जो भुसा भरलाय तो कुंपणावरून आला नाही. तो फाटकातून आला, कारण फाटकावर बघणारी माणसं कमी आहेत, यंत्र ताडपत्रीखाली आहे, आणि बाकीचे आपण सगळे दुसरीकडे बघतोय. माणसं वाढवा, यंत्र सुरू करा, यासाठी मी पुढेही भांडेन. पण उद्याच्या दिवसाला ते पुरणार नाही.

सीमेवर एका पोरीनं एक गाडी धरून ठेवलीय. तिच्या हाताची दोन बोटं मोडलेली आहेत. त्या गाडीत तेच लायनर आहेत असा तिचा संशय आहे. मी खात्री देत नाही, कारण दार अजून उघडलेलं नाही. ती पोर माझी भाची आहे आणि गाडीतला माल ठरवणार आहे की माझा मुलगा गुन्हेगार की नाही. म्हणूनच तिथे मी चालत नाही. तुम्ही चालता. दोन पंच हवेत. दार उघडताना समोर उभं राहायचं, दिसेल ते बघायचं, आणि जे दिसलं त्याखाली सही करायची. आत संत्री निघाली तर संत्री लिहा. खोटं काही नको.

तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. कोर्टाच्या फेऱ्या. बुडालेल्या ड्युट्या. कुणीतरी रस्त्यात गाठून दम देईल. सगळं खरं आहे, एकही गोष्ट मी नाकारत नाही. रस्त्यावर अपघात दिसला की आपणच काच वर करून पुढे जातो, कोण पडणार त्यात म्हणून. माझ्या मुलाच्या अपघाताच्या वेळीही मागून आपल्याच दोन गाड्या आल्या होत्या. त्या दोघांनी पाहिलंय की त्याचा वेग जास्त नव्हता. ते दोघं आज या खोलीत येतात, माझ्याकडे न बघता चहा पितात. मी त्यांची नावं लिहिणार नाही. त्यांना ती ठाऊक आहेत.

पहारा म्हणजे काय, हे मला या वयात समजलं. हातात बंदूक असलेला माणूस चोराला घाबरवतो. “मी पाहिलं” असं म्हणणारा माणूस त्याला संपवतो. आणि त्या माणसाला वर्दी लागत नाही, पगार लागत नाही. फक्त एक पेन लागतं, तेही चौकीवर मिळतं.

तुमच्यातल्या कोणाच्या चाकात आज कुठला लायनर आहे, हे तुम्हाला माहीत नाही. उद्या उतार तुमचा असेल, शाळा तुमच्या पोरांची असेल. माझ्या घरी या आणि टेबलाखाली बघा. एक पाय आहे, दिवसरात्र फरशी दाबत असतो. त्या पायाला कुणीतरी सांगायला हवं की आता सोड, गाडी थांबली.

उद्या बुधवारी सकाळी सहाला सीमेची बस सुटते. काकांना सांगून चालकामागच्या पहिल्या दोन जागा मी रिकाम्या ठेवल्या आहेत. त्यावर माझा रुमाल टाकलाय.

तो रुमाल उचला आणि तिथे बसा.